कारा समुद्र ते आचऱ्याची खाडी

अनंत चतुर्दशी उलटली की आचऱ्याच्या मळ्यांतील भाताचा रंग बदलू लागतो. हळव्या जातींच्या लोंब्या पिवळ्या पडून खाली झुकतात, निमगरव्या जातींत दाणा भरत असतो आणि गरव्यांना अजून महिनाभराचा अवकाश असतो. मालवण तालुक्यातील या किनारी गावात पावसाचे गणित आजही बऱ्याच अंशी नक्षत्रांवर मांडले जाते. मृगात पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी आणि उत्तरा-हस्तात उघडीप मिळेल तशी कापणी, असा हा क्रम. हस्ताचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो, तासाभरात ओसरतो आणि सकाळचे ऊन कापणीसाठी मोकळे ठेवतो, हा पिढ्यांचा अनुभव त्यामागे आहे.

या अनुभवाला अलीकडे वारंवार तडा जाऊ लागला आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरात दोन-तीन दिवस सलग मुसळधार कोसळते, उभे पीक आडवे होते, लोंब्या चिखलात बुडतात आणि दाण्याला शेतातच कोंब फुटतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस परतीचा पाऊस आणि अरबी समुद्रातील ‘क्यार’ चक्रीवादळ एकामागोमाग आले, तेव्हा कोकणातील भातशेतीची हीच गत झाली. भारतीय हवामान विभागानेही २०२० मध्ये मोसमी पावसाच्या परतीच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य भारतातून मोसमी वारे माघार घेण्याची जुनी तारीख १ सप्टेंबर होती, ती आता १७ सप्टेंबर आहे. मुंबईसाठी ती २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. कापणीच्या ऐन दिवसांवर पावसाळा असा आठ-पंधरा दिवसांनी सरकून आला आहे.

या उशिराच्या पावसाची कारणे अनेक आहेत. अरबी समुद्र तापला आहे आणि तापलेल्या समुद्रावरील हवा अधिक बाष्प वाहून आणते, हे सर्वांत ठळक कारण. परंतु त्याच्या जोडीला एक फार दूरचे कारण संशोधकांनी पुढे आणले आहे. ते आहे रशियाच्या उत्तरेस, नोवाया झेमल्या बेटांच्या पलीकडे पसरलेल्या कारा समुद्रात. हा आर्क्टिक महासागराचा एक भाग असून वर्षाचा बराच काळ तो बर्फाखाली असतो. आचऱ्याच्या खाडीशी त्याचा संबंध असू शकेल, ही कल्पना प्रथम ऐकताना अतिशयोक्त वाटते. तरीही तो संबंध शोधण्याचे काम झाले ते आचऱ्यापासून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर, गोव्यातील वास्को येथे.

वास्कोच्या सड्यावर समुद्राकडे तोंड करून राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र उभे आहे. १९९८ मध्ये ते अंटार्क्टिक संशोधनासाठी स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. बाहेर कोकणपट्टीचा दमट उकाडा आणि आत उणे २० अंश तापमानाच्या दालनात जपून ठेवलेले बर्फाचे लांब दंडगोल, असे या वास्तूचे आगळे रूप आहे. ध्रुवीय हिमस्तरांत खोलवर छिद्र पाडून काढलेल्या या दंडगोलांत शेकडो-हजारो वर्षांपूर्वीची हवा सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने बंदिस्त असते. त्या काळी हवेत कोणते वायू किती होते, हे त्यावरून वाचता येते.

या केंद्रातील आणि त्यांच्या सहकारी संस्थांतील शास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात कारा समुद्रावरील बर्फ नेहमीपेक्षा कमी असतो, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये भारतात, विशेषतः मध्य व पश्चिम भागात, अतिवृष्टीच्या घटना वाढण्याचा कल दिसतो, असे त्यात दाखवले आहे. त्यामागची साखळी अशी. बर्फाचे आच्छादन गेले की उघडे पाणी सूर्याची उष्णता शोषते आणि वरच्या हवेला तापवते. त्यामुळे वायव्य युरोपवर हवेच्या दाबाची रचना बदलते. तिच्यातून वातावरणाच्या उंच थरांत प्रचंड लांबीच्या लाटा निर्माण होतात आणि शांत तळ्यात दगड टाकल्यावर वलये काठापर्यंत यावीत तशा त्या आशियाच्या उपोष्ण पट्ट्यापर्यंत येतात. तेथे उंचावरील वाऱ्यांची घडी अशी बसते की खालची हवा जोमाने वर चढू लागते. खाली तापलेला अरबी समुद्र बाष्प घेऊन सज्जच असतो. येथे विवेक राखणे अगत्याचे आहे. हा एक सांख्यिकीय संबंध आणि त्याचे संभाव्य स्पष्टीकरण आहे. कारा समुद्रावर बर्फ कमी झाला म्हणून अमुक दिवशी आचऱ्यात पाऊस पडला, असे कोणीही म्हणत नाही. पण सप्टेंबरच्या पावसाचा अंदाज बांधताना उत्तर ध्रुवाकडे पाहावे लागेल, एवढे त्यातून निश्चितच सूचित होते.

उत्तर ध्रुव प्रदेशाशी मराठी वाचकाची ओळख तशी जुनी आहे. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ १९०३ मध्ये प्रकाशित झाला. वैदिक आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशात होते, हा त्यातील सिद्धान्त विद्वानांनी पुढे स्वीकारला नाही. तरीही सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र आणि अंतहीन उषःकाल यांचे चित्र मराठी मनात रुजले ते मुख्यतः त्या चर्चेमुळे. तेव्हाचे आर्क्टिक आणि आजचे आर्क्टिक यांत मात्र महदंतर पडले आहे.

हे अंतर मोजता येते. १९७९ पासून कृत्रिम उपग्रह समुद्री बर्फाची अखंड नोंद ठेवत आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे सप्टेंबरमध्ये, आर्क्टिकवरील बर्फाचे क्षेत्र सर्वांत कमी असते. १९८० च्या दशकात ते सरासरी सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर भरत असे. २०१२ च्या सप्टेंबरात ते ३४ लाखांवर आले. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आहे. चाळीस वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या शेवटीही दोन भारत मावतील एवढा बर्फ शिल्लक राहत होता आणि त्या वर्षी एका भारताएवढाच उरला. १९७९ नंतरच्या काळात आर्क्टिकचे तापमान जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने वाढले, असा निष्कर्ष फिनलंडमधील संशोधकांनी २०२२ मध्ये मांडला.

चौपट का, याचे उत्तर बर्फाच्या रंगात आहे. ताज्या हिमावर पडलेला सूर्यप्रकाश ८० ते ९० टक्के परावर्तित होतो, तर काळसर खुले पाणी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता पोटात घेते. बर्फ थोडा वितळला की पाणी उघडे पडते, पाणी तापते आणि शेजारचा बर्फ अधिक वितळतो. कोकणात मातीच्या पांढऱ्या सारवलेल्या भिंतीला आणि काळ्या कातळाला दुपारी हात लावून पाहणाऱ्यास हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

नॉर्वेच्या अखत्यारीतील स्वालबार्ड द्वीपसमूहात न्यू-ऑलेसुंड नावाची संशोधकांची छोटी वस्ती आहे. आचऱ्यापासून साडेसात हजार किलोमीटरांहून दूर, सुमारे ७९ अंश उत्तर अक्षांशावरील या वस्तीत १ जुलै २००८ रोजी भारताचे ‘हिमाद्री’ हे स्थानक सुरू झाले. जवळच्या काँग्सफ्योर्ड या खाडीत २०१४ च्या जुलैमध्ये ‘इंडार्क’ ही पाण्याखालील वेधशाळा सोडण्यात आली. तळाशी नांगरलेल्या एका लांब दोराला निरनिराळ्या खोलीवर उपकरणे बांधलेली असतात आणि ती पाण्याचे तापमान व क्षारता नोंदत राहतात. अटलांटिकचे उबदार पाणी त्या खाडीत किती आत शिरते, हे त्यावरून कळते. पूर्वी भारतीय शास्त्रज्ञ तेथे उन्हाळ्यापुरते जात असत. २०२३ च्या डिसेंबरपासून हिवाळ्यातील अखंड अंधारातही त्यांचा मुक्काम तेथे असतो. हिवाळी निरीक्षणांना महत्त्व आहे, कारण सर्वाधिक तापमानवाढ त्याच ऋतूत होते आहे.

आणि त्याच ऋतूत तेथील मुक्या प्राण्यांचे सर्वाधिक हाल होत आहेत. स्वालबार्डवर आखूड पायांची रेनडिअर हरणे राहतात. हिवाळ्यात खुरांनी भुसभुशीत हिम उकरायचे आणि खालचे शेवाळ, सुके गवत खायचे, हा त्यांचा जीवनक्रम. आता ऐन हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर जाते आणि हिमावर चक्क पाऊस पडतो. तो गोठला की जमिनीवर काचेसारखे कठीण कवच चढते आणि खुराने ते फुटत नाही. अन्न चार बोटे खाली असते, दिसत नाही, मिळत नाही. २०१९ मध्ये नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेच्या पाहणीत अशी उपासमारीने मेलेली दोनशेहून अधिक रेनडिअर आढळली. पाऊस वेळ चुकवून आला म्हणून तोंडचा घास जावा, ही गोष्ट कोकणातल्या शेतकऱ्याला परकी वाटणार नाही.

दक्षिण ध्रुवाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिचा आरंभही याच किनाऱ्यावरून होतो. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचे जहाज फारसा गाजावाजा न करता निघाले. त्यावर डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांचे पहिले भारतीय पथक होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. दोन वर्षांनी, १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या तेथे पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत यांचा अभ्यासविषय होता दक्षिण महासागरातील सूक्ष्म जीव व अन्नसाखळी.

त्याच तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले स्थानक उभारले गेले. काही वर्षांतच ते हिमाखाली गाडले जाऊ लागले आणि त्याची जागा १९८९ मध्ये शिरमाकर टेकड्यांतील ‘मैत्री’ने घेतली. पुढे २०१२ मध्ये ‘भारती’ हे तिसरे स्थानक सुरू झाले. स्थानकच हिमात बुडाले, मग बर्फ वितळतो आहे हे कसे, अशी शंका घेणारे वाचक असतील आणि ती शंका अस्थानी नाही. दक्षिण गंगोत्री समुद्रावर तरंगणाऱ्या हिमपट्टावर बांधलेले होते. अशा पट्टावर दरवर्षी नवे हिम साचते आणि जुने खाली दबत जाते. त्या एका जागेवरून खंडाचा जमाखर्च मांडता येत नाही. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ तर २०१४ पर्यंत किंचित वाढतच होता, हेही नमूद केले पाहिजे. त्यानंतर मात्र तो झपाट्याने घटला. २०२३ च्या फेब्रुवारीत तो १७ लाख ९० हजार चौरस किलोमीटरपर्यंत उतरला, हा उपग्रह-नोंदींतील आजवरचा नीचांक आहे. तत्पूर्वी २०२२ च्या मार्चमध्ये पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर एके दिवशी तापमान नेहमीपेक्षा जवळजवळ ४० अंशांनी चढून उणे १२ अंशांच्या आसपास गेले होते.

त्याच वर्षी बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या किनाऱ्यावर जे घडले, त्याची दखल आकड्यांपलीकडे घ्यावी लागते. एम्परर पेंग्विन हे पक्षी समुद्रावर गोठलेल्या बर्फावरच अंडी घालतात. कडाक्याच्या हिवाळ्यात नर आपल्या पायांवर अंडे तोलून, स्वतः काही न खाता, दोन महिने उभा राहतो. पिल्लाच्या अंगावर आरंभी मऊ लव असते, ती पाण्यात भिजते. पाणी न शिरणारी पिसे डिसेंबर-जानेवारीपर्यंत येतात आणि तोवर पायाखालचा बर्फ टिकणे आवश्यक असते. २०२२ मध्ये तो त्यापूर्वीच फुटला. ब्रिटिश संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून पाहिले तेव्हा तेथील पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचले नसावे, असे आढळले.

ध्रुवांवरून आचऱ्याकडे येणारी दुसरी वाट समुद्राची आहे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोकम सरबताच्या काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगत असेल, तर तो विरघळल्यावर सरबत सांडत नाही. तसेच तरंगता समुद्री बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. पेल्यात बाहेरून आणखी एक खडा टाकला तर मात्र सरबत सांडते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांच्या भूमीवर साचलेला बर्फ म्हणजे हा बाहेरचा खडा. एकट्या ग्रीनलंडवरून गेल्या दोन दशकांत दरवर्षी सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ कमी झाला आहे. अंटार्क्टिकाच्या कडेचे तरंगते हिमपट्ट आतल्या हिमनद्यांना अडसरासारखे रोखून धरतात. २००२ मध्ये लार्सन-बी हा ३,२०० चौरस किलोमीटरांहून मोठा पट्ट महिनाभरात कोसळला, तेव्हा मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला होता.

यात समुद्राच्या स्वतःच्या प्रसरणाची भर पडते, कारण पाणी तापले की फुगते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत ती वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास चढत होती. २००६ नंतरचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर आहे. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की वितळलेले पाणी सर्वत्र सारखे पसरत नाही. ग्रीनलंडवरील बर्फाचा अवाढव्य भार आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. भार घटला की ती ओढ सैल होते, ग्रीनलंडलगतचा समुद्र चक्क उतरतो आणि ते पाणी दूरच्या किनाऱ्यांच्या वाट्याला येते. कोकण हा असा दूरचा किनारा आहे, दोन्ही ध्रुवांपासून.

वर्षाला पावणेचार मिलिमीटर हा आकडा वाचून कोणी निश्चिंत होईल. किनाऱ्यावरची माणसे होत नाहीत. वाळूच्या वाड्यांतील विहिरींना गोडे पाणी मिळते ते वजनाने हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते म्हणून. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर खाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी मिळू शकते, असा ढोबळ नियम आहे. या एका हातातील चार बोटे समुद्राने घेतली, तर खालचा साठा कितीतरी आक्रसतो आणि वैशाखात विहीर मचूळ होते.

आचऱ्याच्या दक्षिणेस तोंडवळी-तळाशील ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. तेथील किनाऱ्याची धूप आणि संरक्षक बंधाऱ्याची मागणी हा अनेक वर्षांचा विषय आहे. या धुपीचा सारा दोष चढत्या समुद्रावर टाकणे मात्र योग्य होणार नाही. नदीतून येणारी वाळू किनाऱ्याला पुन्हा भरून काढते, आणि त्याच वाळूचा खाडीत वर्षानुवर्षे उपसा झाला आहे. २०२१ च्या मे महिन्यातील ‘तौक्ते’सारखी वादळे उरलेले काम एका रात्रीत करतात. ध्रुवांवरून आलेले पाणी या सर्वांच्या पायाखाली हळूहळू पातळी उंचावत राहते.

गाव सोडून जाण्याचा अनुभव आचऱ्याला नवा नाही. येथील गावपळण प्रसिद्ध आहे. दर काही वर्षांनी ग्रामदैवत श्री रामेश्वराचा कौल घेतला जातो आणि सारे गाव, सर्व जातिधर्मांची माणसे, गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर पडते. बाजारपेठ बंद होते, चुली थंडावतात. लोक शेजारच्या गावांच्या हद्दीत राहुट्या घालून तीन दिवस व तीन रात्री काढतात. मागे राहिलेल्या गावात त्या काळात माणसाचा आवाज नसतो. पुन्हा कौल मिळाला की चौथ्या दिवशी सर्व परततात. कोणाचे घर कोणी पळवत नाही आणि परतताना प्रत्येकाला आपला उंबरठा जागेवर सापडतो. तळाशीलसारख्या पट्टीवरील एखाद्या वाडीला उद्या समुद्रामुळे उठावे लागले, तर ते उठणे या प्रकारचे असणार नाही. त्यासाठी जागा, कागदपत्रे, उपजीविका यांचा विचार आधीपासून व्हावा लागेल, आणि तो ग्रामसभेच्या पातळीवर सुरू होणे अधिक शहाणपणाचे.

आकाशाची व समुद्राची या दोन वाटा प्रत्यक्षात जेथे एकत्र येतात, ती जागा मात्र साधी आहे. मालवण तालुक्यातील खाड्यांच्या काठी खाजण जमिनींना मातीचे बांध घातलेले असतात आणि बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडीची झडप भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटते व खारे पाणी आत येऊ देत नाही. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. खाडीची सरासरी पातळी जसजशी वाढेल, तसतसा झडप मिटलेली राहण्याचा काळ वाढेल आणि निचऱ्याचा काळ घटेल. सप्टेंबरातील अतिवृष्टी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गाठून आली, तर आतले पाणी आत आणि बाहेरचे बाहेर अडून राहते आणि पिकलेले भात मधल्या मध्ये कुजते. बांधांची दुरुस्ती होते तेव्हा मागच्या मोठ्या भरतीची खूण पाहून उंची धरण्याचा प्रघात आहे. नव्या बांधकामात उंचीबरोबर उघाड्यांची संख्या आणि रुंदीही वाढवून घेतली, तर मिळेल त्या थोड्या ओहोटीत अधिक पाणी बाहेर जाईल. हा खर्च फार मोठा नाही आणि त्याचे अंदाजपत्रक तालुक्याच्या ठिकाणीच तयार होऊ शकते.